रात्रीचे तीन, आणि माळ्यावरची बाटली

कोरडा_दिवस | मंगळवार, पहाटे ३.१२

मंडळी, आज एकतिसावा दिवस.

पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या, त्याच्या आदल्या रात्री शेवटची घेतली. ठरवून वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी सोसायटीतर्फे नाना पेठेत वारकऱ्यांना चहा द्यायला गेलो होतो. ट्रे हातात घेतला आणि कप खुळखुळायला लागले. समोरच्या आजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, ट्रे काढून घेतला आणि स्वतःच पुढच्या बायकांना चहा वाटायला लागल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. त्याच संध्याकाळी डॉक्टर गाठला.

हिशोब सांगतो, लपवून उपयोग नाही. रोज क्वार्टर, शनिवार-रविवार हाफ, बारा वर्षं. डॉक्टरांनी सहा दिवस कमी कमी होत जाणाऱ्या गोळ्या दिल्या आणि बी-वन जीवनसत्त्व सुरू केलं. हात थांबले. सकाळच्या कोरड्या उलट्या गेल्या. भूक लागते. गोड खायची तर अशी हाव सुटलीय की धायरी फाट्यावरचा जिलेबीवाला आता ओळखायला लागलाय.

सगळं परत आलं, झोप तेवढी आली नाही.

साडेदहाला आडवा होतो. बारापर्यंत कूस बदलणं. मग डोळा लागतो आणि पावणेतीनला टक्क जाग. उशी घामाने ओली. त्यानंतर छताकडे बघत फ्रिज ऐकत बसतो. तो सुरू होतो, सतरा मिनिटं घरघरतो, बंद होतो. मोजलंय. पाचच्या सुमाराला दूधवाला दाराच्या कडीला पिशवी अडकवतो, त्या प्लास्टिकची कुरकुर ऐकू आली की समजायचं, आजचीही रात्र गेली. खरी झोप येते सातला, आणि सव्वासातला हिंजवडीची बस.

आता जे सांगायला बसलोय ते. वास्तुशांतीला कुणीतरी दिलेली एक बाटली माळ्यावर आहे, कुंड्यांच्या मागे. बायकोला माहीत नाही. गेले तीन दिवस पावणेतीनला डोळे उघडले की पहिला विचार तिचाच येतो. प्यायची इच्छा अशी नाही हो, शपथेवर. फक्त झोपायचंय. एक साठ, पाणी घालून, आणि सहा तास मेल्यासारखं पडायचं.

रविवारी गटारी. ऑफिसच्या ग्रुपवर 'बसायचं कुठे' सुरू झालंय.

हे कधी थांबतं? कुणी यातून गेलंय का?

---

अण्णा_बिबवेवाडी | मंगळवार, पहाटे ३.४१

मी गेलोय. अकरा वर्षं झाली. आत्ता जागा आहे तो वयामुळे आणि मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या टेम्पोंमुळे, त्याला दारू जबाबदार नाही.

झोपेचं नंतर. आधी बाटली. तू स्वतः माळ्यावर चढायचं नाही, ओतून टाकायलासुद्धा नाही. सकाळी बायकोला सांग. तिला किंवा मेव्हण्याला काढू दे, मोरीत ओतू दे, वर बादलीभर पाणी टाकू दे. तू तेवढा वेळ खाली चक्कर मारून ये. वासाचं काही सांगता येत नाही. मी सोडल्यावर चौथ्या महिन्यात दाढीनंतर लावायच्या लोशनच्या वासाने रस्त्यात थांबलो होतो.

आणि 'एक साठ' हा आकडा आपल्यासारख्यांच्या अंकगणितात नसतो.

आत्ता उठ. अंथरुणात लोळू नकोस. पाणी पी, खुर्चीवर बस, इथे काहीही लिही. मी आहे पाचपर्यंत.

---

कोरडा_दिवस | मंगळवार, पहाटे ३.४६

उठलो. खुर्चीवर बसलोय. थँक्यू अण्णा.

---

खवचट_पेठकर | मंगळवार, सकाळी ७.५८

फ्रिज एवढा घरघरतो म्हणजे दाराचं रबरी गॅस्केट गेलेलं असू शकतं. दारात कागद धरून दार लावा, कागद सहज निघाला तर बदलून घ्या. बाकी विषयात मला गती नाही, पण हे वाचून शुभेच्छा द्याव्याशा वाटल्या. दिल्या.

---

नाईटड्युटी | मंगळवार, सकाळी ९.२०

मी मानसोपचारात काम करते. इथे कुणाला तपासू शकत नाही, औषध सांगणार नाही. पण हे का होतं ते समजलं तर रात्र थोडी सोपी जाते, म्हणून लिहिते.

घराशेजारी मंडळाचा डीजे लागलाय असं समजा. तुम्ही बातम्या ऐकू याव्यात म्हणून टीव्हीचा आवाज वाढवता. रोज डीजे, रोज टीव्ही आणखी दोन घर वर. बारा वर्षं. मग एके दिवशी डीजे बंद होतो, पण टीव्ही तेवढ्याच आवाजात. घर डोक्यावर घेतो. मेंदूचं हेच झालंय. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं, दारू त्याचं काम वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटचं काम दाबते. मेंदू तोल साधायला उलट्या बाजूला झुकतो. दारू काढली की तो झुकलेलाच राहतो. घाम, धडधड, टक्क जाग, सगळं त्यातून. आवाज एकदम खाली येत नाही, रोज थोडा थोडा येतो.

दुसरं म्हणजे, आधी तुम्ही झोपत होतात हा गैरसमज आहे. दारूने डोळा पटकन लागतो, पहिले काही तास गाढ जातात, हे खरं. पण स्वप्नांची झोप दाबली जाते आणि उत्तररात्री दारू उतरायला लागली की झोपेचे तुकडे पडतात. क्वार्टर पूर्ण उतरायला साधारण सात-आठ तास लागतात. म्हणजे दहाला प्यायलेली पहाटेपर्यंत अंगात असायची. तुम्ही तेव्हाही तीनला उठत असाल, फक्त आठवत नसेल.

किती दिवस? सगळ्यात वाईट पहिले एक-दोन आठवडे, ते तुमचे गेले. पुढे बहुतेकांची झोप काही आठवड्यांत सुधारत जाते, काहींची कुरकुर मात्र बरेच महिने राहते. सरळ रेषेत सुधारत नाही. चार चांगल्या रात्रींनंतर एक भिकार येते आणि माणूस म्हणतो, संपलं, आपलं काही होत नाही. झोप न लागणं हे पुन्हा पिण्याकडे नेणारं मोठं कारण आहे, म्हणून तुमच्या डॉक्टरांना हे मोकळेपणाने सांगा. 'झोपेचं काय एवढं' म्हणून गप्प बसू नका.

---

बिनधास्त_बाणेर | मंगळवार, दुपारी १.०५

एवढा विचार कशाला? झोपेची पाव मिलिग्रॅमची गोळी मिळते, ओळखीचा मेडिकलवाला देतो. माझे काका रोज घेतात. अर्धी घ्या आणि ताणून द्या.

---

नाईटड्युटी | मंगळवार, दुपारी १.३२

कृपया नको. त्या गटातल्या बऱ्याच गोळ्या गाबावरच काम करतात, म्हणजे दारूच्याच कुलपाची दुसरी किल्ली. सोडवण्याच्या पहिल्या दिवसांत त्याच जातीच्या गोळ्या आम्ही देतो, पण मोजून आणि बंद करण्याची तारीख ठरवून. झोपेसाठी रोज चालू ठेवल्या की एक सवय जाऊन दुसरी बसते. आणि गोळी घेतलेल्या रात्री घसरून दारूही प्यायली तर श्वास मंदावू शकतो, जिवावर बेततं. चिठ्ठीशिवाय या गोळ्या विकायला कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. काकांनाही डॉक्टरांना विचारायला सांगा. त्यांनी एकदम बंद करू नये, तेही धोक्याचं असतं.

---

वनस्पतीप्रेमी | मंगळवार, दुपारी ३.४८

रासायनिक गोळ्यांपेक्षा आपलं आयुर्वेद बघा. रात्री जेवणानंतर चार चमचे अश्वगंधारिष्ट कोमट पाण्यातून. शांत झोप. तळपायाला तूप चोळा. जायफळ घातलेलं दूध.

---

अण्णा_बिबवेवाडी | मंगळवार, दुपारी ४.१५

तूप चोळा, दूध प्या, जायफळ चिमूटभरच घाला. पण अरिष्ट नको! बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचा, स्वयंनिर्मित अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं. आसव-अरिष्टं आंबवूनच होतात. मी याला हसलो असतो, पण माझ्या ओळखीचा एक गडी सहा महिने कोरडा राहून टॉनिकच्या बाटलीवरून परत क्वार्टरवर आला. आधी चार चमचे, मग अर्धा कप, मग तिन्ही त्रिकाळ टॉनिक. आणि कुणाला दारू सोडवायला देतात ती डायसल्फिरामची गोळी चालू असेल तर एवढ्याशा अल्कोहोलनेही चेहरा लाल, धडधड, उलट्या होऊ शकतात. खोकल्याच्या काही औषधांचंही तेच.

---

शमी_कर्वेनगर | मंगळवार, रात्री ११.३७

मी पीत नाही, कधी प्यायले नाही. नवरा प्यायचा. सोडून दोन वर्षं आणि काही महिने झाले. हा धागा दिवसभरात तीनदा उघडला आणि बंद केला. आता लिहितेच.

तुम्ही सगळे पिणाऱ्याच्या झोपेबद्दल बोलताय. घरातल्या दुसऱ्या माणसाची झोप कुणी मोजत नाही. चौदा वर्षं मी पार्किंगमध्ये गाडीचं स्टँड लागल्याचा आवाज ऐकेपर्यंत झोपले नाही. स्टँड एका दमात लागलं तर कमी झालीय, दोन-तीनदा खरखरलं तर जास्त. मग लिफ्ट. मग किल्ली कुलपात किती वेळ चाचपडते ते. एवढं सगळं डोळे मिटून, भिंतीकडे तोंड करून.

त्यांनी सोडली, घरात राहायला लागले, आणि माझी झोप उलट जास्तच गेली. कारण ते रात्री तीनला उठायचे. आमच्या स्वयंपाकघरात ट्रॉल्या आहेत. तांदळाच्या डब्यामागे क्वार्टर असायची तेव्हा ती खालची ट्रॉली हळू ओढल्याचा आवाज मी शंभर आवाजांतून ओळखायचे. आता ते पाणी प्यायला उठले, बिस्किटाचा पुडा काढायला ट्रॉली ओढली, तरी मी पलंगावर ताठ. उठून बघावं तर अविश्वास, न बघावं तर छातीत धडधड. एकदा मागून जाऊन उभी राहिले. हातात पारलेचा पुडा. ते काही बोलले नाहीत, पुडा तसाच ठेवून झोपायला गेले. त्या रात्री दोघंही जागे, पाठीला पाठ लावून.

मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांचा 'सहचरी' गट आहे, तिथे मी हे पहिल्यांदा बोलले. आजूबाजूच्या निम्म्या बायकांनी माना डोलावल्या. प्रत्येकीचा आवाज वेगळा होता. कुणाचा फाटकाच्या कडीचा, कुणाचा पँटच्या खिशातल्या चिल्लरचा.

मग आम्ही एक ठरवलं. रात्री उठले की ते स्वयंपाकघरातला मोठा दिवा लावतात आणि भांडं मुद्दाम वाजवतात. चोरपावलांनी काही करायचं नाही. पहिले काही दिवस त्या आवाजाने मला जाग यायची आणि लगेच परत झोप लागायची. आता ऐकूच येत नाही.

कोरडा_दिवस, बायकोला बाटलीचं सांगा. तुम्हाला वाटतंय तिला माहीत नाही. दिवाळीची साफसफाई करते ना ती? मग कुंड्यांच्या मागे काय आहे ते तिला माहीत आहे.

---

अण्णा_बिबवेवाडी | बुधवार, पहाटे ४.०२

शमीताई, नमस्कार. आमच्या घरी हे कुणी मला सांगितलं नाही. मी कधी विचारलंही नाही.

---

कोरडा_दिवस | बुधवार, पहाटे ५.२०

सांगितलं.

ती म्हणाली, "मागच्या दिवाळीपासून वाट बघतेय, तू सांगतोस की पितोस." मी खाली गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन आलो. परत आलो तेव्हा मोरीत फिनेलचा वास होता आणि रिकामी बाटली भंगाराच्या पोत्यात नव्हती, तिने ती सोसायटीच्या कचऱ्यात नेऊन टाकली होती. कुंड्या आता गॅलरीत.

रात्री तरी जाग आलीच, दोन पन्नासला. पण माळ्याकडे लक्ष गेलं तेव्हा तिथे फक्त माळा होता.

एक विचित्र. स्वप्नात मी प्यायलो. शाळेतल्या मित्राच्या लग्नात, स्टीलच्या ग्लासातून, चवीसकट. उठून तळहातावर फुंकर मारून वास घेतला. अजून लाज वाटतेय.

---

अण्णा_बिबवेवाडी | बुधवार, सकाळी ६.१०

हा हा! फुंकर मारून वास घेणं, म्हणजे तू आता रीतसर आमच्यातला. मला ती स्वप्नं दोन वर्षं पडली. येरवड्याला मुक्तांगणात ३५ दिवस होतो. सकाळी उठल्यावर एकमेकांना विचारायचो, काल कुठल्या बारमध्ये होतास? तिथलेच जुने लोक सांगायचे की १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी ते सुरू केलं तेव्हा पु. लं.नी पैशाची मदत केली होती. मला तेव्हा वाटायचं, पु. लं.नी हसवायला माणसं ठेवायला हवी होती इथे. नंतर कळलं, ती आम्हीच होतो.

स्वप्नात प्यायलास म्हणजे घसरलास असं नव्हे. दिवस मोजत राहा, तेहतिसावा चालू आहे की बत्तिसावा?

---

नाईटड्युटी | बुधवार, सकाळी ८.४५

अण्णांना अनुमोदन. इतकी वर्षं दाबलेली स्वप्नांची झोप आता थकबाकी वसूल करतेय, म्हणून स्वप्नं ढिगाने आणि भडक पडतात. चांगली खूण आहे, त्रासदायक असली तरी.

आता करायचं काय ते. औषधाशिवायच्या उपचारात दोन गोष्टींचा सगळ्यात उपयोग होतो आणि दोन्ही ऐकायला उलट्या वाटतात. पहिली, उठायची वेळ खिळ्यासारखी पक्की करा. रात्र कशीही गेली तरी सहा म्हणजे सहा, रविवारीसुद्धा, आणि दुपारी डुलकी नाही. दुसरी, अंथरुणातला वेळ कमी करा. झोप जेमतेम तीन तास लागतेय आणि तुम्ही साडेदहा ते सात अंथरुणात, म्हणजे पाच-साडेपाच तास मेंदू शिकतोय की ही जागा छत बघायची आहे. काही दिवस बाराच्या आधी आडवंच व्हायचं नाही. झोप सलग व्हायला लागली की पंधरा-पंधरा मिनिटांनी वेळ अलीकडे आणा. साडेपाच तासांच्या खाली मात्र जाऊ नका, आणि फिट आलेल्यांनी किंवा बायपोलरचा त्रास असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मध्ये जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप नाही असं वाटलं तर उठून बाहेर बसायचं. घड्याळ बघायचं नाही. फ्रिज मोजायचा नाही.

चहा किती होतो?

---

कोरडा_दिवस | बुधवार, सकाळी ९.०३

बत्तिसावा. चहा... सात-आठ. शेवटचा रात्री नऊला. दारूच्या जागी तोच आलाय.

---

नाईटड्युटी | बुधवार, सकाळी ९.०६

दुपारी दोननंतर बंद. कॅफिन अर्धं व्हायलाच पाचेक तास लागतात.

---

गटारी_शेवटची | गुरुवार, रात्री १२.४८

नवीन आयडी आहे, फक्त वाचत होतो. माझं रोज हाफच्या वर जातं, सकाळपासून. ठरवलंय, रविवारी गटारीला शेवटची, सोमवारपासून कायमची बंद. कुणाला न सांगता घरीच. मागच्या वर्षी असंच सोडलं होतं, तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या म्हणून परत घेतली. या वेळी सहन करीन. झोपेसाठी आधीच काय आणून ठेवू?

---

नाईटड्युटी | गुरुवार, रात्री १.०५

थांबा. हे सहन करायचं प्रकरण नाही.

सकाळपासून पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, भास, ताप, बेभानपणा. मागच्या वेळी मुंग्या दिसल्या म्हणजे तुमच्या बाबतीत धोका जास्त. वेळेवर उपचार नाही मिळाले तर माणूस दगावतो. तुमचा पहिला प्रश्न झोप नसून भरती होणं आहे. ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा, किंवा जवळच्या कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाकडे. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्याची टेलि-मानस १४४१६. दोन्ही मोफत. डॉक्टर भेटेपर्यंत अचानक शून्यावर आणू नका. फिट आली, भास व्हायला लागले, तर लगेच १०८.

घरात एका माणसाला आज सांगा. एकालाच.

---

गटारी_शेवटची | गुरुवार, रात्री १.३०

भावाला उठवलं. उद्या सकाळी जातोय. तो शिव्या देतोय पण येतोय.

---

टेकडीवाला | शुक्रवार, सकाळी ७.१५

तळजाईवरून लिहितोय. माझा वेगळाच किस्सा. सोडून आठ महिने झाले तरी सकाळी डोकं जड, दुपारी मीटिंगमध्ये पेंग. मी दारूलाच बोल लावत होतो. बायको म्हणाली, घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो तुमचा. झोपेची तपासणी केली तर स्लीप ॲप्निया. दारूने घोरणं आणि श्वास अडकणं वाढतं, पण माझ्याकडे मूळ दुखणं आधीपासून होतं, दारू त्यावर पांघरूण घालून बसली होती. आता मशीन लावून झोपतो, दिसतो हत्तीसारखा. कुणी मोठ्याने घोरत असेल तर दाखवून घ्या. आणि सकाळचं ऊन अंगावर घ्या, टेकडी नसेल तर गच्चीवर.

---

कोरडा_दिवस | सोमवार, सकाळी ६.४०

गटारी गेली. ऑफिसच्या ग्रुपवर 'ॲसिडिटी, डॉक्टरने मटणही बंद केलंय' असं ठोकून दिलं. खोटं बोललो, पण आत्ता एवढंच जमलं. पलीकडच्या मैदानात ढोल-ताशा पथकाची प्रॅक्टिस दहापर्यंत होती, म्हणून गच्चीतच बसलो. खाली रस्त्याने हलत-डुलत जाणारी मंडळी दिसत होती. हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

बारा ते सहा सुरू केलंय. पहिल्या दोन रात्री अक्षरशः जिवावर आलं. अकरा वाजता उभ्या-उभ्या डोळे मिटत होते आणि बायको म्हणते, "अजून तास आहे, भांडी पुस." घरातली सगळी पितळेची भांडी घासून झाली. शमीताई, आम्हीही मोठा दिवा लावायचं ठरवलंय.

परवा चार तास सलग. काल परत पावणेतीन. ती एक भिकार रात्र असते म्हणालात, म्हणून घाबरलो नाही. बाहेर खुर्चीवर बसून जुन्या वह्यांतले फोटो लावले, चारला परत पडलो.

गॅस्केट बदललं. फ्रिज आता ऐकू येत नाही.

@गटारी_शेवटची, काय झालं तुमचं?

---

गटारी_शेवटची | सोमवार, दुपारी ४.१०

भाऊ लिहितोय. ॲडमिट आहे. गोळ्या आणि सलाईन चालू आहे. झोपलाय.

---

कोरडा_दिवस | रविवार, सकाळी ७.०५

त्रेचाळीस.

आज सहाच्या गजराने उठलो. गजराने! दार उघडलं तर दुधाची पिशवी कडीला अडकवलेली. कधी आली, कळलं नाही.

---

खवचट_पेठकर | रविवार, सकाळी ७.३१

पाच ते सहा पिशवी बाहेर लटकत होती म्हणजे मांजर नाही तुमच्या मजल्यावर. आमच्याकडे असती तर दूध आणि झोप दोन्ही गेलं असतं. अभिनंदन.